‘डॉक्टरांनी सांगितले होते’ एवढे पुरत नाही

कराड, वाई, इस्लामपूर, विटा किंवा मिरज. गाव कोणतेही असो, रात्रीच्या वेळी छोट्या खासगी रुग्णालयात साधारण एकच चित्र दिसते. डॉक्टर घरी गेलेले असतात, वॉर्डात एक सिस्टर असते आणि फार तर सोबत एक मावशी. रुग्णाचा त्रास वाढला की सिस्टर फोन लावते, पलीकडून औषधाचे नाव आणि मात्रा सांगितली जाते, आणि इंजेक्शन दिले जाते. बहुतेक वेळा रुग्णाला बरे वाटते. पण एखाद्या रात्री मात्रा चुकली, नाव चुकीचे ऐकू आले किंवा रुग्णाला त्या औषधाची अॅलर्जी निघाली, तर जबाबदार कोण?

‘डॉक्टरांनी सांगितले होते’ हे उत्तर वर्षानुवर्षे दिले जाते. कायदा ते पूर्ण उत्तर मानत नाही आणि परिचर्येची नीतीही मानत नाही. डॉक्टरची आणि रुग्णालयाची जबाबदारी असतेच. पण इंजेक्शन देणारी परिचारिका ही स्वतःच्या परवान्यावर काम करणारी व्यावसायिक आहे, म्हणून तिच्या वाट्याची जबाबदारी तिची स्वतःची असते. ही गोष्ट रुग्णाला सुरक्षित ठेवते आणि नीट समजून घेतली तर परिचारिकेलाही.

सेवेपासून नोंदणीपर्यंत

या भागात आधुनिक परिचर्येची मुळे जुनी आहेत. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले आणि पुढे तेथे परिचारिकाही शिकून तयार होऊ लागल्या. त्या काळी परिचारिका म्हणजे सेवाभावी, शिस्तीची, सांगितलेले मुकाट करणारी बाई, अशी समजूत होती. तिचे शिक्षण, पात्रता आणि चुकांची दखल यासाठी कायदा नव्हता.

मुंबई इलाख्यात तो १९३५ मध्ये आला. परिचारिका, सुईणी आणि आरोग्य अभ्यागता यांच्या नोंदणीचा हा कायदा. सातारा जिल्हा ब्रिटिश इलाख्यात होता. सांगली आणि मिरज ही मात्र पटवर्धनांची संस्थाने होती. संस्थाने १९४८ मध्ये विलीन झाल्यावर १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. दरम्यान १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याने देशभरातल्या शिक्षणाला एक समान पाया दिला. ‘महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६’ने राज्याच्या सर्व भागांसाठी एकच व्यवस्था आणली. आज राज्यातल्या परिचारिकांची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा मंजूर केला. १९४७ च्या कायद्याच्या जागी आलेल्या या कायद्यात नीती आणि नोंदणीसाठी वेगळे मंडळ आहे.

नोंदणी क्रमांक म्हणजे नोकरीसाठी लागणारा एक कागद, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात या व्यक्तीने ठरलेले शिक्षण घेतले आहे, अशी ती शासनाने समाजाला दिलेली हमी आहे. ती हमी काढूनही घेता येते. गैरवर्तन सिद्ध झाले तर परिषद नोंदवहीतून नाव वगळू शकते.

शपथ बदलली, अर्थही बदलला

नर्सिंग महाविद्यालयात दीपप्रज्वलनाच्या वेळी घेतली जाणारी शपथ फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने ओळखली जाते. ती त्यांनी लिहिलेली नाही. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये १८९३ साली एका समितीने ती तयार केली. तिच्या मूळ रूपात डॉक्टरांशी निष्ठेने सहकार्य करण्याचे वचन होते.

आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ मध्ये पहिली नीतिसंहिता स्वीकारली. तिच्यातही डॉक्टरांच्या सूचना निष्ठेने, पण समजून-उमजून पाळाव्यात असे कलम होते. अनैतिक कामात भाग घेण्यास नकार द्यावा, हेही त्यात सांगितले होते. १९७३ च्या सुधारणेत आज्ञापालनाचे कलम गेले. परिचारिकेची पहिली जबाबदारी ज्यांना तिच्या सेवेची गरज आहे त्यांच्याशी, असे संहितेने स्पष्ट केले. भारतीय परिचर्या परिषदेचीही स्वतःची नीतिसंहिता आहे. रुग्णाचा मान, त्याची गुप्तता, त्याचा निर्णयाचा हक्क आणि परिचारिकेची स्वतःच्या कामाची जबाबदारी, हे तिचे आधार आहेत.

याचा अर्थ डॉक्टरांशी वाद घालावा असा नाही. सूचना अर्धवट, संशयास्पद किंवा धोकादायक वाटली तर ती पुन्हा विचारून घेणे हा परिचारिकेच्या कामाचाच भाग आहे. इन्सुलिनचे उदाहरण घ्या. ‘युनिट’ या शब्दाऐवजी इंग्रजीतले एकच अक्षर घाईत लिहिले, तर ते शून्यासारखे दिसते आणि १० चे १०० होतात. आकडा वाचताच ‘एवढे कसे?’ असे विचारणारी सिस्टर त्या क्षणी रुग्णाचा जीव वाचवत असते.

न्यायालयाने काय पाहिले

सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा स्प्रिंग मेडोज रुग्णालयाचा निकाल या संदर्भात महत्त्वाचा आहे. तापाने आजारी असलेल्या एका लहान मुलाला लॅरिआगो हे क्लोरोक्वीनचे इंजेक्शन शिरेतून दिले गेले आणि त्याचे हृदय बंद पडले. हृदय पुन्हा सुरू झाले, पण मेंदूला कायमची इजा झाली. इंजेक्शन निवासी डॉक्टरने स्वतः द्यावे अशी अपेक्षा असताना ते परिचारिकेवर सोपवले गेले होते. परिचारिकेची कोणत्याही राज्याच्या परिषदेकडे नोंदणी नव्हती, हेही समोर आले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मुलासाठी साडेबारा लाख आणि आई-वडिलांसाठी ५ लाख रुपये भरपाई ठरवली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. परिचारिकेच्या चुकीची जबाबदारी रुग्णालयावरही येते आणि अपात्र व्यक्तीला कामावर ठेवणे हीच मुळात निष्काळजी आहे, हा त्याचा धडा. कमी पगारात मिळते म्हणून ‘शिकाऊ मुलगी’ वॉर्डात उभी करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने तो लक्षात ठेवावा.

भरपाईचा दावा वेगळा आणि फौजदारी खटला वेगळा. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार वैद्यकीय व्यावसायिकाला गुन्हेगार ठरवण्यासाठी साधी चूक पुरत नाही, ढोबळ निष्काळजी लागते. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत एक फरक आहे. कलम १०६ नुसार निष्काळजीने मृत्यू झाल्यास कमाल शिक्षा ५ वर्षे आहे आणि वैद्यकीय उपचार करताना तसे घडल्यास नोंदणीकृत डॉक्टरसाठी ती २ वर्षे आहे. ही सवलत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखाली नोंदलेल्या डॉक्टरांपुरतीच आहे. त्या व्याख्येत परिचारिका बसत नाही. म्हणजे एकाच घटनेत दोघे दोषी ठरले तर परिचारिकेला होऊ शकणारी कमाल शिक्षा जास्त आहे. म्हणून फोनवर मिळालेली सूचना लगेच केसपेपरवर वेळेसह लिहिणे, ती डॉक्टरांना वाचून दाखवणे आणि सकाळी सही घेणे, ही काळजी परिचारिकेच्या स्वतःच्या बचावासाठीही आहे.

नकार कधी द्यायचा

मिरज तालुक्यातल्या म्हैसाळ येथे मार्च २०१७ मध्ये पोलिसांनी पुरलेले १९ भ्रूण उकरून काढले. गर्भपातानंतर एका विवाहितेचा मृत्यू झाल्यावर हा प्रकार उजेडात आला. होमिओपॅथीची पदवी असलेल्या डॉक्टरवर गुन्हा नोंदला गेला आणि तपासाचे धागे सीमेपलीकडे कर्नाटकातल्या डॉक्टरांपर्यंत गेले.

कोणत्याही रुग्णालयात असे काम एकट्याच्या हातून होत नाही. कुणीतरी टेबल लावते, सलाईन जोडते, नोंदवही भरते किंवा भरत नाही. कायदा या सगळ्यांकडे पाहतो. गर्भलिंगनिदान प्रतिबंधाच्या १९९४ च्या कायद्यातली शिक्षा केंद्राच्या मालकापुरती नाही, तेथे नोकरीवर राहून व्यावसायिक किंवा तांत्रिक मदत करणाऱ्यालाही ती लागू होते. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार गर्भपात पात्र नोंदणीकृत डॉक्टरनेच आणि मान्यताप्राप्त ठिकाणीच करायचा असतो. त्याचा भंग केल्यास २ ते ७ वर्षे सक्तमजुरी होऊ शकते.

त्याच वेळी कायद्याने मिळालेला गर्भपात हा स्त्रीचा अधिकार आहे, हेही परिचारिकेने विसरू नये. सज्ञान स्त्रीला पतीची किंवा सासूची संमती लागत नाही. तिचे नाव बाहेर जाऊ न देणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे. बेकायदा कामाला नकार आणि कायदेशीर सेवेत टोमणा न मारता मदत, हे दोन्ही एकाच नीतीतून येते.

सही, गुपित आणि रुग्णाचा आवाज

शस्त्रक्रियेआधी संमतिपत्र पुढे करून ‘इथे सही करा’ म्हणणारी बहुधा सिस्टरच असते. समीरा कोहली खटल्याच्या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की उपचार, त्यातले धोके आणि पर्याय समजल्यावर दिलेली संमतीच खरी. हे समजावणे डॉक्टरचे काम आहे. रुग्णाला काही कळलेले नाही असे दिसले, तर सही घेण्याआधी डॉक्टरांना परत बोलावणे हे परिचारिकेचे काम आहे.

गुप्ततेचे मोल सांगलीला वेगळे सांगायला नको. एचआयव्हीच्या साथीच्या काळात ‘संग्राम’ ही संस्था १९९२ पासून येथे देहविक्री करणाऱ्या स्त्रियांसोबत काम करू लागली. या आजारात रुग्णाला विषाणूइतकाच बोभाटाही छळतो. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय रुग्णाची स्थिती उघड करण्यास बंदी घातली. खाटेवर खूण करणे किंवा ‘त्या पेशंटला जरा जपून’ असे मोठ्याने सांगणे यात बसत नाही. सर्वच रुग्णांसाठी हातमोजे आणि तीच काळजी, हा उपाय आहे. परिचारिकांना संरक्षणाची साधने आणि सुई टोचल्यास तातडीचे औषध पुरवणे ही रुग्णालयाची जबाबदारीही त्याच कायद्यात आहे.

जो रुग्ण बोलूच शकत नाही त्याचे काय? मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथल्याच सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. त्यानंतर मे २०१५ मध्ये निधन होईपर्यंत केईएमच्या परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. दयामरणाची याचिका फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये म्हटले, की अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्त्या लेखिकेपेक्षा रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा आहे. वर्षानुवर्षे कूस बदलणाऱ्या, भरवणाऱ्या हातांना न्यायालयाने रुग्णाचा आवाज मानले.

जबाबदारी द्यायची तर बळही द्या

पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या डोंगरात, कोयनेच्या जलाशयापलीकडच्या वाड्यांत पावसाळ्यात उपकेंद्रातली नर्सबाई हीच पहिली मदत असते. तेथे डॉक्टरची वाट पाहणे जीवघेणे ठरू शकते. म्हणून केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी प्रशिक्षित परिचारिकेला बाळंतपणातल्या झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देऊन रुग्णाला पुढे पाठवण्याची मुभा दिली आहे. आपल्या अधिकाराची हद्द माहीत असेल तर ती हद्द ओलांडली जात नाही आणि हद्दीतले काम भीतीपोटी टळतही नाही.

पण नीतीचे सगळे ओझे एकट्या सिस्टरवर टाकता येणार नाही. अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, असा निकष आहे. सलग दुसरी पाळी करणाऱ्या आणि पूर्ण वॉर्ड सांभाळणाऱ्या परिचारिकेकडून मात्रा दोनदा तपासण्याची अपेक्षा ठेवणे सोपे आहे, तिला ते जमणे अवघड. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही किमान २० हजार रुपये पगाराची शिफारस केली. छोट्या गावांतल्या रुग्णालयांसाठी हाच निकष महत्त्वाचा आहे. हल्ल्यांविरुद्ध राज्याचा २०१० चा कायदा आहे. त्यात परिचारिकांवर हात उगारणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

हे लक्षात ठेवा

परिचारिकांसाठी: नोंदणीचे नूतनीकरण वेळेवर करा. तोंडी सूचना लिहा, वाचून दाखवा, सही घ्या. शंका आली तर विचारा आणि विचारल्याचीही नोंद करा. चूक झाली तर लपवू नका, लगेच कळवा, कारण उपचाराची वेळ तेव्हाच हातात असते. केसपेपरवरची नोंद खाडाखोड करून बदलू नका.

नातेवाइकांसाठी: ‘हे कोणते औषध, कशासाठी?’ असे शांतपणे विचारणे हा तुमचा हक्क आहे. अॅलर्जी असेल तर प्रत्येक पाळीच्या सिस्टरला आवर्जून सांगा. आणि एखादी सिस्टर इंजेक्शन हातात असताना थांबली, कागद पुन्हा वाचू लागली किंवा डॉक्टरांना फोन लावू लागली, तर ‘किती वेळ लावता’ म्हणून ओरडू नका. ती तुमच्याच रुग्णाची काळजी घेत आहे.