अमावास्येची रास

आश्विन अमावास्या संपते त्या क्षणी चंद्र कोणत्या राशीत असतो? पंचांगात तूळ सापडेल. पुढच्या वर्षी पाहा, तरीही तूळच. दिवाळीची तारीख मागेपुढे सरकते, रास मात्र ढळत नाही.

यामागे स्वच्छ गणित आहे. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी होते. अशा ३० तिथी सरल्या की चंद्र पुन्हा सूर्याच्याच अंशावर येतो. पंचांगात अमावास्येपुढे ३० असा आकडा असतो तो म्हणूनच. साहजिकच सूर्याची रास तीच अमावास्येची रास. चैत्र संपतो मेषेतल्या अमावास्येने, वैशाख वृषभेतल्या, आश्विन तुळेतल्या.

लागोपाठ दोन अमावास्या एकाच राशीत आल्या, तर त्यांच्यामधला महिना अधिक. २०२३ मध्ये १७ जुलै आणि १६ ऑगस्ट या दोन्ही अमावास्या कर्केत होत्या, म्हणून श्रावण अधिक आला. २०२६ च्या अधिक ज्येष्ठाची गंमत आणखी न्यारी. १५ जूनला सकाळी अमावास्या संपते आणि दुपारी सूर्य मिथुनेत जातो. एवढ्या काही तासांवर अख्खा महिना अधिक ठरतो.

फलितज्योतिषात सूर्य आत्म्याचा कारक, चंद्र मनाचा. अमावास्येचा चंद्र क्षीण, म्हणून ती मंगलकार्याला वर्ज्य आणि पितृकार्याला योग्य मानली. पण सगळ्या अमावास्या एका मापाने मोजू नयेत. आषाढ अमावास्या कर्केत, म्हणजे चंद्र क्षीण असला तरी स्वगृही. घरोघरी दिवे घासूनपुसून पुजले जातात, कणकेचे दिवे उकडतात, ते याच दिवशी. वैशाखात तो वृषभेत, आपल्या उच्च राशीत असतो. कार्तिकातली अमावास्या वृश्चिकेत, चंद्राच्या नीच राशीत. तेव्हा मन जपावे, असे ज्योतिषी सांगतात.

तुळेची अमावास्या सर्वांत अर्थपूर्ण. तूळ ही सूर्याची नीच रास. म्हणजे चंद्र क्षीण आणि सूर्यही दुबळा. आकाशातल्या दोन्ही ज्योती मंदावलेल्या असताना माणसाने दारात पणत्या लावायच्या. तुळेचा स्वामी शुक्र, वैभवाचा कारक. चिन्ह तराजू, व्यापाऱ्याच्या हातातले. त्याच संध्याकाळी पाटावर नवी केरसुणी, लाह्या-बत्तासे आणि कोऱ्या वह्या मांडून लक्ष्मी पुजली जाते. सण आणि रास यांचा इतका सुरेख मेळ क्वचितच दिसतो.

भविष्य वाचताना मात्र पद्धत तपासा. १ नोव्हेंबर २०२४ ची अमावास्या पाश्चात्य सायन गणनेत वृश्चिकेची होती, आपल्या निरयन पंचांगात तुळेची. दोन्हींत सध्या सुमारे २४ अंशांचे अंतर आहे. मग आपल्या लग्नापासून ती रास कितवी, ते मोजा. मकर लग्नाला तूळ दहावी, म्हणजे कर्मस्थान. नोकरी-धंद्याचा नवा संकल्प तिथे करावा. मेष लग्नाला ती सातवी, म्हणजे जोडीदार आणि भागीदारीचा विचार आधी.

फलितावर विश्वास कमी-अधिक असेल. गणित तर प्रत्येकाला पडताळता येते. म्हणून ‘आज अवस, काही नको’ म्हणण्याआधी पंचांगात तिची रास बघा. नुसते भय बाळगण्यापेक्षा वर्षाचा कोणता टप्पा संपतो आहे आणि कोणता सुरू होतो आहे, हे समजून घेणे केव्हाही अधिक हिताचे.