फूल, फवारा आणि सकाळचें ऊन

गगनबावडा हें गांव कोल्हापुराच्या पश्चिमेस सुमारें ५५ किलोमीटरांवर, सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेलें आहे. पावसाळा सरतां सरतां तेथील परसांत तेरडा, जास्वंद व झेंडू फुललेले असतात. परंतु घाटांतून वर चढणारें धुकें पुष्कळदां त्यांस झांकून टाकतें. तें विरलें, म्हणजे फुलांचें छायाचित्र घेण्याची वेळ येते. ही वेळ थोडीच असते. ऊन चढलें कीं थेंब सुकतात, वारा सुटतो आणि पाकळ्यांवरील कोंवळा उजेड नाहींसा होतो.

धुक्यांत प्रकाश चोहोंकडून येतो. त्यांत रंग चांगले उमटतात, पण थेंब चमकत नाहींत. त्यांस एकाच दिशेचें ऊन लागतें. सूर्य पाठीशीं घेऊन चित्र काढावें, हा जुना नियम फवाऱ्याच्या कामीं येत नाहीं. थेंब आपल्यावर पडलेला बहुतेक प्रकाश पुढें जाऊं देतो, मागें थोडाच परतवितो. म्हणून सूर्य फुलाच्या पलीकडे, किंचित् बाजूस असावा आणि मागें सांवलींतील झुडूप असावें. म्हणजे थेंब ठिणग्यांसारखे दिसतात. अशा वेळीं कॅमेरा उजेडास भुलून फूल काळवंडवितो. त्यावर उपाय म्हणजे अलीकडून पांढरा कागद धरून ऊन फुलावर परतविणें.

मागें परतणारा तो थोडा प्रकाशही वायां जात नाहीं. सूर्य पाठीशीं असतां फवाऱ्यांत इंद्रधनुष्य दिसतें, तें त्याच्यामुळेंच. आपल्या मस्तकाच्या छायेभोंवतीं सुमारें ४२ अंशांवर तें कां उमटतें, याची उपपत्ति फ्रेंच पंडित देकार्त यानें १६३७ सालीं प्रसिद्ध केली.

पडते थेंब टिपावयाचे तर वेगाचा हिशेब हवा. सेकंदास २ मीटर वेगानें पडणारा थेंब १/६० सेकंदांत ३ सेंटिमीटरांहून अधिक सरकतो व चित्रांत रेघ होतो. १/१००० सेकंदांत तो केवळ २ मिलिमीटर सरकतो.

मात्र पाण्याचा मारा जोराचा नसावा. तेरड्याचा रंग तीन दिवस, अशी म्हण आहे. त्या अल्प आयुष्यांत धारेनें पाकळ्या झोडणें व पराग धुऊन टाकणें योग्य नव्हे. बारीक छिद्रांच्या झारीनें दुरून शिंपडलेलें चार थेंबांचें पाणी पुरतें. आणि जेथें धुक्यानेंच पाकळ्यांवर थेंब ठेवले आहेत, तेथें झारी बाजूस ठेवावी. चित्र चांगलें येत नसेल, तर पाणी वाढविण्यापूर्वीं छायाचित्रकारानें स्वतःच दोन पावलें सरकून पाहावें.