जत्रा सरकारची, संसार स्वतःचा

दिल्लीचे प्रगती मैदान म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ देशाच्या व्यापाराचे अंगण. या अवाढव्य जागेचा कारभार पाहते कोण, खर्च भागतो कसा आणि त्यात सामान्य माणसाच्या वाट्याला काय येते?

नोव्हेंबर उजाडला, की दिल्लीत थंडीची चाहूल लागते आणि घरोघरी एकच विचारणा सुरू होते, ‘यंदा मेळ्याला कधी जायचे?’ १४ ते २७ नोव्हेंबर या काळात प्रगती मैदानावर भरणारा भारत आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा हा राजधानीचा जणू वार्षिक उत्सवच. काश्मीरचा सुका मेवा, राजस्थानची लोणची, ईशान्येकडील बांबूच्या वस्तू असा सारा देश एकाच आवारात भेटतो. महाराष्ट्राच्या दालनापाशी तर दिल्लीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची पावले हमखास रेंगाळतात.

मेळा संपतो, गर्दी ओसरते. पण मैदानाचा कारभार बारा महिने चालूच असतो. आज पुस्तके, उद्या यंत्रे, परवा खाद्यपदार्थ! कधी लाखो लोकांची वर्दळ, तर कधी जगभरच्या राष्ट्रप्रमुखांची बैठक. हा पसारा सांभाळते ती ‘इंडिया ट्रेड प्रमोशन ऑर्गनायझेशन’, म्हणजेच आयटीपीओ ही सरकारी संस्था.

स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात जन्म

स्वातंत्र्याला २५ वर्षे झाली त्या निमित्ताने १९७२ च्या नोव्हेंबरमध्ये येथे ‘एशिया ७२’ हे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. त्यासाठी वास्तुशिल्पी राज रेवाल आणि अभियंते महेंद्र राज यांनी ‘हॉल ऑफ नेशन्स’ ही भव्य वास्तू उभी केली. पोलादाची टंचाई होती, म्हणून काँक्रीटचा त्रिमितीय सांगाडा मजुरांच्या हातांनी जागेवरच ओतण्यात आला. आत एकही खांब नाही, इतके प्रचंड दालन! जगभरच्या वास्तुशास्त्राच्या अभ्यासकांनी त्याची दखल घेतली.

मैदानाला कायमचा कारभारी मिळाला तो १९७७ मध्ये. प्रदर्शनांचे काम पाहणाऱ्या तीन संस्था एकत्र करून ‘ट्रेड फेअर अथॉरिटी ऑफ इंडिया’ स्थापन झाली आणि त्या वर्षी १ मार्चला तिचे काम सुरू झाले. पुढे १९९२ मध्ये तिच्यात व्यापार विकास प्राधिकरण विलीन झाले आणि आयटीपीओ हे नाव रूढ झाले. ही संस्था केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत येते.

भाड्यावर चालणारे घर

संस्था सरकारी असली, तरी तिचा संसार मुख्यतः स्वतःच्या कमाईवर चालतो. शिवाय कंपनी कायद्याखाली तिची नोंदणी नफा वाटप न करणारी संस्था म्हणून झाली आहे. शिल्लक उरली, तर ती सरकारला लाभांश म्हणून द्यायची नाही. व्यापारवृद्धीच्या कामातच खर्च करायची.

कमाईचा मोठा भाग भाड्याचा. प्रदर्शन भरवणारी संघटना किंवा कंपनी दालन भाड्याने घेते. भाडे चौरस मीटर आणि दिवस यांच्या हिशेबाने ठरते. प्रदर्शन चार दिवसांचे असले, तरी मांडणीला आणि आवराआवरीला वेगळे दिवस लागतात. दालन मोकळे मिळते. सुतार, रंगारी आणि वीजतंत्री रात्री जागवून त्यात एक छोटे गाव वसवतात. शेवटच्या दिवशी लोक बाहेर पडताच हातोडे पुन्हा वाजू लागतात, कारण पुढचा भाडेकरू दाराशी उभा असतो. दालन रिकामे राहिले, तरी सफाई, पहारा आणि देखभाल यांचा खर्च चुकत नाही. म्हणूनच वर्षाचे वेळापत्रक नीट भरणे, हीच अशा जागेच्या व्यवस्थापनाची खरी कसोटी.

सगळीकडे हीच रीत असते असे नाही. अमेरिकेतील शिकागोचे ‘मॅककॉर्मिक प्लेस’ हे विशाल केंद्रही सार्वजनिक प्राधिकरणाच्या मालकीचे आहे. पण ते उभारण्यासाठी काढलेले कर्ज फेडण्याकरिता शहरातील हॉटेलच्या खोल्या, उपाहारगृहे आणि भाड्याच्या मोटारी यांच्यावर कर बसवलेला आहे. परगावाहून आलेला पाहुणाच तेथे केंद्राच्या खर्चाला मोठा हातभार लावतो. आपल्या मुंबईत तिसराच प्रकार दिसतो. गोरेगावचे नेस्को आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर ही दोन्ही मोठी केंद्रे खासगी आहेत.

नव्यासाठी जुने गेले

काळ बदलला तशी प्रगती मैदानाची जुनी दालने अपुरी पडू लागली. नवे संकुल बांधण्यासाठी आयटीपीओने आपली गंगाजळी बाहेर काढली आणि कर्जाचाही आधार घेतला. आवारातील ३.७ एकर जमीन पंचतारांकित हॉटेलसाठी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ६११ कोटी रुपयांना देण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०१९ मध्ये मंजुरी दिली.

सुमारे १२३ एकरांच्या या संकुलावर अंदाजे २,७०० कोटी रुपये खर्च झाले. २६ जुलै २०२३ रोजी ‘भारत मंडपम्’ या नावाने संमेलन केंद्राचे उद्घाटन झाले. त्यातील मुख्य सभागृहांत मिळून सात हजार माणसे बसू शकतात. त्याच वर्षी ९ आणि १० सप्टेंबरला जी-२० राष्ट्रांची शिखर परिषद येथेच भरली. तमिळनाडूतील स्वामिमलईच्या शिल्पकारांनी घडवलेली २७ फुटी नटराजमूर्ती तेव्हा पाहुण्यांच्या स्वागताला उभी होती.

या वैभवाची किंमत मात्र फक्त पैशांत मोजून चालणार नाही. हॉल ऑफ नेशन्स वाचावा म्हणून देशातील आणि परदेशातील वास्तुशास्त्रज्ञांनी विनवण्या केल्या, प्रकरण न्यायालयात गेले. साठ वर्षांहून कमी वयाची इमारत वारसा म्हणून धरता येत नाही, असा निकष पुढे आला आणि एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत ती वास्तू जमीनदोस्त झाली. तिचे वय तेव्हा होते अवघे पंचेचाळीस!

त्याआधी मुलांचे लाडके अप्पूघरही गेले होते. १९८४ मध्ये याच आवारात सुरू झालेल्या या उद्यानाचे पाळणे २००८ मध्ये थांबले. दिल्लीत वाढलेली एक पिढी आजही त्या आठवणीने हळहळते.

तिकीट कोणाच्या खिशाचे?

खरा प्रश्न येथेच आहे. जी संस्था स्वतःच्या कमाईवर जगते, तिला जास्त भाडे देणारा भाडेकरू प्रिय वाटणारच. मग स्वस्तात हिंडणाऱ्या कुटुंबाचे आणि छोट्या कारागिराचे काय?

यावर काही वाटा काढलेल्या दिसतात. मेळ्याचे पहिले पाच दिवस प्रामुख्याने व्यापाऱ्यांचे, पुढचे सर्वांचे. २०२३ मध्ये व्यापारी दिवसांचे तिकीट ५०० रुपये होते. पुढच्या दिवसांत प्रौढांना आठवड्याच्या मधल्या दिवशी ८० आणि शनिवार-रविवारी १५० रुपये पडत. फाटकावर झुंबड उडू नये म्हणून तिकिटे मेट्रोच्या स्थानकांवर आणि संगणकामार्फत विकली गेली. नॅशनल बुक ट्रस्टचा जागतिक पुस्तक मेळा येथेच भरतो. २०२५ मध्ये त्याचे प्रौढांचे तिकीट होते फक्त २० रुपये. ग्रामविकास मंत्रालयाच्या ‘सरस’ मेळ्यात खेड्यापाड्यांतील बचतगटांच्या महिला आपला माल घेऊन येतात आणि शहरी गिऱ्हाइकाशी थेट बोलतात. मधल्या दलालाविना पापड, मसाले आणि हातमागाचे कापड विकण्याचा तो अनुभव त्यांना बरेच काही शिकवून जातो.

तरीही सावध राहायला हवे. चार जणांच्या कुटुंबाला रविवारी केवळ प्रवेशासाठीच काही शे रुपये मोजावे लागतात. खाणेपिणे आणि प्रवास वेगळाच. प्रत्येक नव्या सुविधेबरोबर देखभालीचा खर्च वाढतो आणि तो अखेर भाड्यातून किंवा तिकिटातूनच वसूल होतो.

मोठे संमेलन केंद्र ही देशाची गरज आहे, यात वाद नाही. परदेशी व्यापारी येथे येतात, सौदे करतात. त्यातून हॉटेलवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत अनेकांची चूल पेटते. पण जागा सार्वजनिक असेल, तर तिचा ताळेबंद केवळ भाड्याच्या रकमेवरून मांडता येणार नाही. किती कारागिरांना परवडणारी जागा मिळाली, किती मुलांनी तेथून पुस्तक घरी नेले, हे रकानेही त्यात हवेत. खासगी मालकाकडून ही अपेक्षा ठेवता येत नाही. सरकारी कारभाऱ्याकडून ती ठेवणे मात्र आपला हक्क आहे.