हनुवटीपासून सुरुवात

व्हिडिओ गेमचा कंट्रोलर घडला तोच दोन हात आणि दहा चपळ बोटं गृहीत धरून. ज्यांचे हात चालत नाहीत त्यांना खेळात आणायची धडपड मात्र बरीच जुनी आहे. 1989 मध्ये निन्टेन्डोने ‘हँड्स फ्री’ कंट्रोलर काढला. तो छातीवर बांधायचा, हनुवटीने दांडी हलवायची आणि नळीत फुंकर मारून किंवा हवा ओढून बटणांचं काम भागवायचं. कल्पना उत्तम होती, पण मोठ्या कंपन्यांनी ती पुढे नेली नाही. मग बरीच वर्षं भिस्त राहिली ती हौशी इंजिनिअरांवर. एकेका माणसासाठी कंट्रोलर उघडायचा आणि तारा जोडून बटणं बाहेर काढायची.

अमेरिकेत 2004 मध्ये ‘एबलगेमर्स’ आणि ब्रिटनमध्ये 2007 मध्ये डॉ. मिक डोनेगन यांची ‘स्पेशलइफेक्ट’ या अपंग खेळाडूंसाठीच्या संस्था उभ्या राहिल्या. माझ्या मते खरं वळण इथे आलं, कारण यंत्राच्या आधी माणसाकडे बघितलं गेलं. स्पेशलइफेक्टचे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आधी तुमची हालचाल बघतात. न थकता, हवी तेव्हा, पुन्हा पुन्हा काय हलवता येतं? अंगठा, गुडघा, की फक्त डोळे? स्विच, म्हणजे बाहेरून जोडायचं बटण, तिथे आणून बसवायचा. त्याच्यासाठी शरीर ताणायचं नाही. स्विच जरासा सरकला तरी खेळ अडतो, म्हणून त्याला घट्ट धरणारा स्टँडही तितक्याच निगुतीने निवडावा लागतो. या मदतीचे ते पैसे घेत नाहीत, साहित्यही घरी वापरून बघायला देतात. त्यांच्याच ‘आयमाइन’ या सॉफ्टवेअरमुळे 2017 पासून माइनक्राफ्ट नुसत्या नजरेने खेळता येऊ लागलं.

त्याच वर्षी एक्सबॉक्सवर ‘कोपायलट’ आलं. दोन कंट्रोलर, पण खेळाडू एकच. मुलीने उडीचं बटण सांभाळायचं, बाकीचं आईने; हात बसला की एकेक काम मुलीकडे द्यायचं. नवख्यांसाठी याहून चांगली सोय मला माहीत नाही.

2018 मध्ये एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर आला. त्याच्या मागे 3.5 मिलिमीटरचे 19 सॉकेट, कुठलाही स्विच लावा. खोकी दातांनी फोडावी लागतात हे अपंग खेळाडूंनी सांगितलं होतं, म्हणून याचं खोकं फीत ओढून उघडेल असं केलं. विचारून केलेलं काम असं ओळखू येतं. किंमत सुमारे 100 डॉलर. स्विच मात्र वेगळे घ्यायचे, आणि तोच खर्च पुष्कळांना अडवतो. 2019 मध्ये लॉजिटेकने स्विचचा संच काढला, 2023 अखेर सोनीचा ‘अ‍ॅक्सेस’ आला.

दरम्यान, 2020 च्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट 2’ या गेममध्येच अशा साठाहून अधिक सोयी होत्या. आवाजाच्या खुणांवरून अंध खेळाडूंनी तो शेवटपर्यंत खेळला, आणि त्यासाठी त्यांना वेगळं एकही बटण विकत घ्यावं लागलं नाही.