घर, हात आणि गांवांतील उद्योग

सुटी जवळ आली म्हणजे पालकांचे दोन पक्ष दिसूं लागतात. एक पक्ष मुलांस शिकवणीच्या वर्गांत अडकवितो, दुसरा त्यांस मोकळें सोडून निश्चिंत होतो. या दोहोंखेरीज एक तिसरा मार्ग आहे. घरीं हातांनीं कांहीं करून पाहणें, आणि गांवांत निरनिराळे उद्योग कसे चालतात तें प्रत्यक्ष जाऊन पाहणें, हा तो मार्ग होय. कांहीं थोडे पालक मुलांस शाळेंत न घालतां संपूर्ण शिक्षण घरींच देतात, व पुढें १९८९ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत परीक्षेस बसवितात. तो विषय निराळा. येथें शाळेंत जाणाऱ्या मुलांच्या घरीं काय करतां येईल एवढेंच सांगावयाचें आहे.

घरच्या शिक्षणाचें सामर्थ्य व त्याची उणीव, हीं दोन्ही एकाच आयुष्यांत पाहावयाचीं असतील तर पंडिता रमाबाईंचें चरित्र पाहावें. त्यांचा जन्म १८५८ सालीं झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविलें, आणि त्याबद्दल लोकांचा रोष पत्करून ते सह्याद्रींतील गंगामूळच्या रानांत जाऊन राहिले. पुढें सारें कुटुंब तीर्थयात्रेंत फिरत असतां आईनें लेकीस शिकविलें. शाळा नाहीं, फळा नाहीं, वर्ग नाहीं. तरीहि १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं या वीस वर्षांच्या मुलीस ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. आईच्या शिक्षणाची याहून मोठी परीक्षा कोणती?

परंतु या चित्राची दुसरी बाजू फार करुण आहे. १८७४ सालच्या सुमारास दुष्काळ पडला, जवळचें द्रव्य संपलें, आणि थोड्याच काळांत वडील, आई व वडील बहीण अशीं तिघेंहि गेलीं. रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवास यांना हजारों श्लोक मुखोद्गत होते. पण पोट भरण्याजोगें एकहि काम त्यांस येत नव्हतें. शास्त्रग्रंथांपलीकडील जगाविषयीं आपण अगदीं अजाण राहिलों होतों, असें रमाबाईंनीं पुढें आपल्या आत्मनिवेदनांत स्पष्ट नमूद केलें आहे. विद्वत्ता होती, हात मात्र रिकामे होते.

ही गोष्ट त्या विसरल्या नाहींत. अमेरिकेंत असतां (१८८६ ते १८८८) त्यांनीं फ्रेबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. त्या पद्धतींत मूल ठोकळे, चेंडू, कागद, माती हाताळून शिकतें. पुढें पुणें जिल्ह्यांत केडगांव येथें त्यांनीं मुक्तिसदन उभारलें, व १८९६-९७ च्या दुष्काळांत शेंकडों मुलींना तेथें आसरा दिला. त्या मुलींना अक्षरओळख तर दिलीच. शिवाय विणकाम, शिवणकाम, शेती, गुरांची निगा, तेलाचा घाणा आणि छापखाना, इतकीं कामें त्या शिकल्या. रमाबाईंनीं केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे तेथील मुलींनींच जुळविले. खिळे जुळविणें म्हणजे साधें काम नव्हे. प्रत्येक अक्षर उलटें वाचावें लागतें, आणि काना, मात्रा, जोडाक्षरें यांमुळें देवनागरी खिळ्यांचीं घरें इंग्रजीपेक्षां कितीतरी अधिक असतात. जी मुलगी तें काम करी तिचें शुद्धलेखन कच्चें राहणें शक्यच नव्हतें. हातानें शिकणें म्हणजे बुद्धीस सुटी, असें समजणाऱ्यांनीं या एका कामाचा विचार करावा.

आपल्या देशांत हा विचार नवीन नाहीं. १९३७ सालीं वर्धा येथें गांधीजींनीं मूलोद्योगी शिक्षणाची योजना मांडली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांतहि सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ राहून शिकावें, असें म्हटलें आहे. धोरण कागदावर राहील कीं कसें हें पाहत बसण्यापेक्षां पालकांनीं आपल्या घरापासून आरंभ करावा, हें बरें.

आरंभ स्वयंपाकघरांत करावा. गव्हाच्या पिठाची पोळी लाटतां येते. ज्वारीची भाकरी मात्र हातानें थापावी लागते, व तिचें पीठ ऊन पाण्यानें मळावें लागतें. असें कां? आईस हें ठाऊक असतें, पण मुलानें विचारलेलें नसतें. दोन्ही पिठांचे लिंबाएवढे गोळे मळून अर्धा घटका ठेवावे आणि मग एकेक गोळा पाण्याच्या वाडग्यांत हलक्या हातानें धुवावा. पाणी पांढरें होतें, तो पिष्टाचा भाग. गव्हाचा गोळा धुतां धुतां लहान होतो, पण शेवटीं हातांत रबरासारखा ताणणारा चिकट पदार्थ उरतो. त्यास ग्लूटेन म्हणतात. ज्वारीचा गोळा सगळा विरघळून जातो, हातांत कांहींच राहत नाहीं. तो चिकट पदार्थ ज्वारींत नसल्यामुळें ऊन पाण्यानें पिष्ट फुलवून पिठास चिकटपणा आणावा लागतो. ज्या आईस लिहितां वाचतां येत नाहीं, तीहि हा पाठ देऊं शकते. किंबहुना अधिक चांगला देईल, कारण भाकरी तिच्या हातची आहे.

घराबाहेर पडावयाचें तर गांवांतील दूधसंकलन केंद्रासारखें दुसरें ठिकाण नाहीं. तेथें शेतकरी किटल्या घेऊन येतात आणि प्रत्येकाचें दूध तपासलें जातें. एक लिटर पाणी १००० ग्रॅम भरतें, तर एक लिटर गाईचें दूध सुमारें १०३० ग्रॅम. म्हणून दुधांत पाणी घातलें कीं तें हलकें होतें व त्यांत सोडलेला लॅक्टोमीटर अधिक खोल बुडतो. आतां चलाख मूल विचारील कीं, लबाडी पकडावयास एवढें पुरेसें आहे काय? नाहीं. साय दुधाहून हलकी असते. कोणी आधीं साय काढून घेतली तर दूध जड होतें. मग बेतानें पाणी घातलें कीं लॅक्टोमीटर पुन्हां बरोबर ठिकाणीं उभा राहतो! यासाठीं फॅटहि मोजावें लागतें. जुन्या गर्बर पद्धतींत दुधांत गंधकाम्ल घालून त्यांतील प्रथिनें विरघळवितात व नळी यंत्रांत गरगर फिरवितात. स्निग्धांश सुटून नळीच्या अरुंद मानेंत वर येतो आणि तेथील रेघांवर वाचतां येतो. आज बहुतेक ठिकाणीं विजेचें यंत्र हें काम क्षणांत करतें. परंतु जुनी नळी कोठें दिसली तर ती मुलांस अवश्य दाखवावी, कारण यंत्राच्या आंत काय चाललें आहे तें दिसत नाहीं, नळींत दिसतें. अम्लाच्या बाटलीपासून मात्र दूर उभें राहावें.

तेथेंच मुलास कळतें कीं एका दुधाच्या पिशवीमागें किती माणसें उभीं आहेत: गोपालक, गुरांचा डॉक्टर, रसायन तपासणारा, हिशेबनीस, टँकरचा चालक, शीतयंत्र दुरुस्त करणारा. ‘मोठेपणीं कोण होणार?’ या प्रश्नास डॉक्टर किंवा इंजिनियर यांपलीकडे उत्तर न सुचणाऱ्या मुलाचा दोष नाहीं. त्यानें दुसरें कांहीं पाहिलेलेंच नसतें.

टपालकचेरी पाहणें सोपें आहे. पत्त्यावरील सहा आंकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाला, व त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं केली. हे गृहस्थ संस्कृतचे नामांकित लेखक होते, हें मुलांस आवर्जून सांगावें. पहिला आंकडा विभागाचा, शेवटचे तीन टपालकचेरीचे. आपल्या गांवाचा व मामाच्या गांवाचा पिनकोड शेजारीं लिहून ताडून पाहावा.

अशा भेटींत मुलास ‘तूं हें होशील काय?’ असें विचारूं नये. त्यानें काम विकलें जाऊं लागतें आणि मूल लाजतें. त्यापेक्षां मुलानेंच कारागिरास विचारावें: हें काम तुम्ही कोणापाशीं शिकलां? प्रथम काय शिकलां? चुकलें तर काय करितां? कुंभारास, चांभारास, सुतारास असे प्रश्न विचारतांना ‘अहो’ म्हणावें, ‘अरे’ नव्हे. आपल्या समाजांत हातांनीं काम करणाऱ्यास खालीं बसविण्याची रीत जुनी आहे, आणि मुलें ती बोलण्यांतूनच उचलतात. प्रेषित पौल तंबू करणारा होता, आणि आपला तारणारा सुताराच्या घरीं वाढला, हें आपण उपासनेंत ऐकतों. पण सुतार दारीं आला म्हणजे त्यास खुर्ची देतों काय?

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पाहणें व शिकणें निराळें, राबविणें निराळें. १९८६ च्या कायद्यांत २०१६ सालीं दुरुस्ती झाल्यापासून चौदा वर्षांखालील मुलांस कामावर ठेवणें सर्वच धंद्यांत निषिद्ध आहे. शाळेच्या वेळेबाहेर घरच्या उद्योगास हातभार लावण्याची तेवढी मुभा आहे. तेव्हां ‘शिकूं दे’ म्हणून कोणी मुलास सुटीभर दुकानांत उभें करूं नये.

भेटीहून परत आल्यावर लगेच निबंध लिहावयास बसवूं नये. जेवतांना मुलास बोलूं द्यावें. दुसऱ्या दिवशीं त्यानें एका वहींत चित्र काढावें व खालीं चार ओळी लिहाव्या. जाण्यापूर्वीं मालकाची किंवा व्यवस्थापकाची परवानगी घ्यावी, आणि एका वेळीं चार-पांचांहून अधिक मुलें नेऊं नयेत. दूधसंकलन केंद्र पाहावयाचें तर पहांटेच उठावें. उशीर केला तर किटल्या धुऊन झालेल्या असतात आणि टँकर निघून गेलेला असतो.