कसारा ते कल्याण नावेने? जरा थांबा

इंग्लंडमधल्या लांबट, अरुंद कालवा-बोटींचे व्हिडिओ पाहिले की शहापूर-मुरबाडकडच्या भातसा किंवा काळू नदीतही नाव घालावी, असं कुणालाही वाटेल. हौसेला ना नाही, पण काही समज आधी काढून टाकलेले बरे.

गैरसमज : पाऊस एवढा, म्हणजे नदी नावेजोगी.
वस्तुस्थिती : कसारा स्टेशन समुद्रसपाटीपासून साधारण तीनशे मीटर उंच, तर सत्तरेक किलोमीटरवरचं कल्याण जवळपास समुद्रपातळीला. एवढ्या उतारावर पाणी ठरत नाही. पावसाळ्यात लोंढा, दिवाळीनंतर कातळ आणि मधूनमधून डोह. नाणेघाट उतरून येणारा माल मुरबाडमार्गे कल्याणला बैलांच्याच पाठीवरून यायचा आणि नावेत चढायचा तो तिथल्या बंदरात. जुन्या व्यापाऱ्यांना नदी कळत होती.

गैरसमज : भातसा धरणाखाली उन्हाळ्यातही पाणी वाहतं, तिथे तरी अडचण नाही.
वस्तुस्थिती : ते पाणी मुंबईचं. शहराच्या रोजच्या पाण्यात भातसाचा वाटा निम्म्याच्या आसपास आहे. धरणातून सोडलेलं पाणी नदीपात्रातूनच भिवंडी तालुक्यातल्या पिसे बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून उपसून पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रात जातं. इंग्लंडच्या कालव्यांवर दोन दरवाजांमधल्या हौदात पाणी भरून बोट वर चढवतात. पिशाला तशी सोय नाही, नाव बंधाऱ्यापाशी अडणार. शिवाय पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की सापगावसारख्या काठावरच्या गावांना प्रशासन सावध करतं. तुमच्या होडीला कोण सांगणार? धरणाच्या जलाशयात किंवा तानसा, मोडकसागरात परवानगीशिवाय उतरायचा तर विचारही नको.

गैरसमज : चपट्या तळाची बोट कुठेही चालते.
वस्तुस्थिती : ती इंग्लिश बोट सात फूट रुंद, सत्तरेक फुटांपर्यंत लांब, दोनेक फूट पाण्यात बुडणारी आणि पोलादी. कालव्याच्या संथ पाण्यात ताशी सहा-साडेसहा किलोमीटर ही तिची चाल. वाहत्या नदीत शिरताना तिकडचे लोकही नांगर आणि जीवरक्षक जाकीट घेतात, नदी चढली असेल तर बोट काठाला बांधून बसतात.

गैरसमज : नदी एकाच दिशेने वाहते.
वस्तुस्थिती : वसईच्या खाडीतून भरती उल्हास नदीत थेट कल्याणपर्यंत चढते, तेव्हा पाणी उलटं वाहतं. किनाऱ्यावरची माणसं हिशेब तिथीवर करतात : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. हा हिशेब समुद्रकाठचा. कल्याणला भरती त्यानंतर पोचते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जबर, अष्टमीच्या भांगेला कमी. नवख्याने भांगेचाच दिवस धरावा आणि ओहोटी लागण्याआधी परत फिरावं, नाहीतर होडी चिखलात रुतते आणि पुढच्या भरतीपर्यंत डास मोजत बसावं लागतं.

गैरसमज : राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाला, आता वाट मोकळी.
वस्तुस्थिती : २०१६च्या कायद्यातला जलमार्ग क्रमांक ५३ कल्याण-ठाणे-मुंबई असा आहे. शहापूर-मुरबाडच्या नद्या त्यात नाहीत.

तेव्हा भातसा आणि काळू हिवाळ्यात काठाकाठाने पायी पाहा, गावच्या माणसाला डोह विचारून घ्या. नाव चालवायचीच असेल तर कल्याणच्या खाली, खाडी ओळखणाऱ्या कोळी बांधवाला सोबत घेऊन.