डाळिंबावरील तेल्या व बोर्डो मिश्रण

डाळिंबावरील तेल्या हा बुरशीचा नव्हे, तर सूक्ष्म जंतूंचा रोग होय. पानांवर व फळांवर तेलकट डाग पडतात, पुढे फळ तडकते आणि बाजारात त्यास कोणी विचारीत नाही. धाराशिव जिल्ह्यातील बागाईतदारांना हे नव्याने सांगावयास नको. पावसाचे उडणारे थेंब व छाटणीची कात्री यांच्यावाटे हे जंतू झाडोझाडी पसरतात.

यास अटकाव करणारे जुने व स्वस्त साधन म्हणजे बोर्डो मिश्रण. फ्रान्समधील बोर्डो भागात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत असत. त्याच वेली केवडा रोगातून वाचल्याचे प्राध्यापक मिलार्दे यांच्या ध्यानी आले व १८८५ मध्ये त्यांनी हा उपाय प्रसिद्ध केला.

यातील खरे कार्य तांब्याचे आहे. नुसत्या मोरचुदाच्या पाण्यात तांबे मोकळे असते. ते जंतूंबरोबर पानेही करपविते. चुन्यामुळे तांब्याचे निळसर, पाण्यात जवळजवळ न विरघळणारे संयुग बनते व ते पानास चिकटून राहते. दवाच्या व पावसाच्या ओलाव्यात त्यातून तांबे अगदी थोडे थोडे सुटते आणि जंतूंच्या प्रथिनांना जखडून त्यांची वाढ थांबविते. फळात शिरलेल्या जंतूंपर्यंत मात्र ते पोहोचत नाही. म्हणून फवारणी रोगापूर्वीच व्हावयास हवी.

तांबे, जस्त इत्यादी धातूंची नवी जंतुनाशक संयुगे आज प्रयोगशाळांत तयार होतात. त्यांपैकी जस्ताची काही संयुगे अतिनील प्रकाशात चकाकतात, त्यामुळे औषध पेशीत कोठे गेले ते सूक्ष्मदर्शकातून दिसते. तांबे बहुधा ही चकाकी विझविते. अभ्यासास ही संयुगे मोलाची खरी, पण बागेत आपला भरवसा मोरचुदावरच.

एक टक्का मिश्रणासाठी मोरचूद १ किलो, ताजा कळीचा चुना १ किलो व पाणी १०० लिटर घ्यावे. मोरचूद प्लॅस्टिकच्या पिंपात ५० लिटर पाण्यात विरघळवावे. लोखंडी भांडे वापरू नये. चुना थोड्या पाण्यात विझवून, गाळून, उरलेल्या पाण्यात मिसळावा. दोन्ही द्रावणे पूर्ण थंड झाल्यावर तिसऱ्या पिंपात एकाच वेळी ओतून काठीने ढवळीत राहावे. गरम द्रावणांचा साका जाड बनतो व पंपाची तोटी तुंबते.

नंतर घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा मिश्रणात मिनिटभर बुडवावा. त्यावर तांबूस थर चढल्यास मोकळे तांबे शिल्लक आहे असे समजावे व थर येणे थांबेपर्यंत चुन्याची निवळी घालावी. ही परीक्षा ग्रामसेवकांनी प्रत्येक गावी करून दाखवावी. पाने करपल्याच्या पुष्कळशा तक्रारी ती टाळल्यामुळेच येतात.

छाटणीनंतर लगेच फवारणी करावी. कोवळ्या पालवीवर व फुलोऱ्यात कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्यावाचून फवारू नये. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. मेंढ्यांना तांबे फार लवकर बाधते. फवारलेल्या बागेतील गवत त्यांना किंवा शेळ्यांना घालू नये आणि पंप विहिरीवर अगर जनावरांच्या हौदाशी धुऊ नये.